इंदूर आणि जबलपूर एकाच पोत्यात: विमानतळ भाड्याने देण्याचा हिशोब

रामबागकर
रविवारी सकाळी आमच्या पोह्यांच्या कट्ट्यावर बिजासनच्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या, विमानतळावरून जुंपली. एक म्हणाला, सरकार विकून मोकळं होणार. दुसरा म्हणाला, बरं होईल, दिल्लीसारखा चकाचक होईल. तिसऱ्याला फक्त आतल्या चहाच्या किमतीची काळजी. जिलबी संपली तरी मूळ भानगड काय आहे ते कुणालाच नीट सांगता येईना, मलाही नाही. म्हणून चार दिवस बसून वाचलं आणि इथे टाकतोय. बँकेत पंचवीस वर्षं कर्जाच्या फायली चाळल्या. त्यामुळे करार दिसला की आधी शेवटची पानं उघडायची खोड आहे.

आधी आपल्यापुरतं. सप्टेंबर २०१९ मध्ये विमानतळ प्राधिकरणाच्या मंडळाने सहा विमानतळ खाजगी कंपन्यांना चालवायला द्यावेत असं सुचवलं: अमृतसर, वाराणसी, भुवनेश्वर, रायपूर, तिरुचिरापल्ली आणि आपलं इंदूर. पुढे कल्पना निघाली की मोठ्याच्या गळ्यात एखादा छोटा बांधायचा. वाराणसीला कुशीनगर आणि गया, अमृतसरला कांगडा, इंदूरला जबलपूर. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राची मुद्रीकरणाची, म्हणजे सरकारी मालमत्ता भाड्याने देऊन पैसा उभा करायची, मोठी योजना आली, तिच्यातल्या २५ विमानतळांच्या यादीतही इंदूर आहे, बडोदाही आहे. विक्री वगैरे नाही, जमीन सरकारचीच राहते. हा भाडेपट्टा. २०१९ च्या लिलावात अहमदाबाद, लखनौ, जयपूर वगैरे सहा गेले ते ५० वर्षांसाठी. आज कडेवर असलेला नातू आजोबा होईल तेव्हा मुदत संपेल.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या गल्लीत सगळेच वाघ असतात. या कंपन्या परदेशात जातात, जिथे ना ओळख ना वशिला, तिथे त्यांचे करार कसे टिकले किंवा कसे फुटले, ते बघितलं तर काहीतरी उमजेल असं वाटलं.

जीएमआर घ्या. आंध्रातल्या राजमच्या ज्यूट गिरणीपासून सुरुवात केलेला उद्योग. २००६ मध्ये दिल्ली मिळाली, तीही महसुलातला ४५.९९ टक्के हिस्सा प्राधिकरणाला द्यायचं कबूल करून. लगेच २००८ मध्ये इस्तंबूलचा दुसरा विमानतळ, सबिहा ग्योकचेन. तिथे जीएमआर ४०, तुर्कस्तानची लिमाक ४० आणि मलेशिया एअरपोर्ट्स २० टक्के. वीस वर्षांसाठी १९३.२ कोटी युरो मोजायचं ठरलं. टर्मिनल दीड वर्षात उभं करून ऑक्टोबर २००९ मध्ये उघडलंसुद्धा. आणि २०१४ मध्ये आपला ४० टक्के हिस्सा २२.५ कोटी युरोंना मलेशियावाल्यांना विकून बाहेर. त्याच वर्षी फिलिपिन्सच्या सेबूमध्ये मेगावाइड या तिथल्या कंपनीबरोबर नवा करार, २०१८ मध्ये लाकडी कमानींचं सुंदर टर्मिनल आणि २०२२ मध्ये तेही विकायला काढलं. बांधा, चालवा, विका, घरचं कर्ज फेडा.

मधे मालदीवही आहे, पण त्याबद्दल इथे कुणाला माझ्याहून जास्त माहीत असेल तर त्यांनी लिहावं.

प्रश्न इतकाच: आपल्या विमानतळाचं असं झालं तर आपण कुठल्या कलमांवर डोळा ठेवायचा?

भिया_इंदोरी
काका, एवढं लांबलचक लिहून राहिलात, शेवटी सांगा ना, पोहे कितीला मिळतील आत?

चिमणबागेतली_चिमणी
वाचतेय. काका, शेवटची पानं आधी उघडायची तुमची खोड वकिलांनाही असायला हवी. निम्म्या अशिलांनी सही करताना फक्त पहिलं पान वाचलेलं असतं.

मालेरिटर्न
बोलावलंच आहे तर लिहितो. २०१० ते २०१४ मी मालदीवमध्ये एका रिसॉर्टच्या हिशेबखात्यात होतो. माले विमानतळ वेगळ्याच बेटावर, हुलहुलेवर. तेव्हा पूल नव्हता, तो २०१८ मध्ये झाला. बोटीनेच जायचं. सुट्टीला इंदूरला यायचं म्हणजे बोट, विमान, परत विमान.

जून २०१० मध्ये जीएमआरला हा विमानतळ २५ वर्षांसाठी मिळाला. त्यांचा हिस्सा ७७ टक्के, मलेशिया एअरपोर्ट्सचा २३. सरकारला सुरुवातीलाच ७.८ कोटी डॉलर दिले, प्रकल्प ५१.१ कोटी डॉलरचा. आणि निविदेची सल्लागार कोण, तर जागतिक बँकेच्या घरातली आयएफसी. कागद भक्कमच होता.

घोडं अडलं २५ डॉलरवर. करारात लिहिलेलं होतं की परदेशी जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून २५ डॉलर विकास शुल्क घेता येईल, १ जानेवारी २०१२ पासून. विरोधी पक्ष कोर्टात गेला आणि डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की हे घेता येणार नाही, हा करच झाला, त्याला संसदेची मंजुरी हवी. मग राष्ट्राध्यक्ष नाशीद यांच्या सरकारने तोड काढली: प्रवाशाकडून घेऊ नका, आम्हाला जे द्यायचं आहे त्यातून कापून घ्या. ऐकायला बरं. पण फेब्रुवारी २०१२ मध्ये नाशीद गेले, नवं सरकार आलं, आणि त्याने खातं उघडून बघितलं तर विमानतळाकडून यायचे पैसे आटलेले.

आमच्याकडे हाउसकीपिंगला एक स्थानिक मुलगा होता. मला म्हणायचा, तुमच्या देशाची कंपनी आमच्याच दारात आमच्याकडून तिकीट घेते. मी त्याला करार समजवायचा प्रयत्न केला. आज वाटतं, उगाच केला. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

२७ नोव्हेंबर २०१२ ला सरकारने करार मुळातच बेकायदा आहे असं सांगून रद्द केला. कंपनी सिंगापूरच्या कोर्टात गेली, स्थगिती मिळवली, आणि ६ डिसेंबरला तिथल्याच वरच्या कोर्टाने ती उठवली. दोन दिवसांत ताबा गेला. मी त्याच आठवड्यात सुट्टीवरून परतलो. माझी बॅग नेहमीच्याच पट्ट्यावर आली, रांग तेवढीच होती. आपल्याकडच्या वाहिन्या बघून आईने मात्र पाच फोन केले, तिकडे दंगल-बिंगल आहे का म्हणून.

आणि आता मजा ऐका. २०१७ मध्ये त्याच मालदीवने कायदा करून विमानतळ विकास शुल्क लावलं. परदेशी माणसाला किती? २५ डॉलर.

भिया_इंदोरी
😂😂 म्हणजे २५ डॉलरचं दुःख नव्हतं, कोणाच्या गल्ल्यात पडतात त्याचं होतं.

चिमणबागेतली_चिमणी
मालेरिटर्न, प्रतिसाद फार आवडला. त्यात कायद्याच्या बाजूने भर घालते, कारण काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

सिंगापूरच्या वरच्या कोर्टाने काय म्हटलं ते महत्त्वाचं. करार चूक की बरोबर हे लवाद नंतर ठरवेल, पण सार्वभौम सरकारला स्वतःच्या विमानतळाचा ताबा घ्यायचा असेल तर आम्ही अडवणार नाही, नुकसान झालं असेल तर ते पैशात भरून देता येतं. २०१४ मध्ये लवादाने करार वैध होता, मालदीव चुकलं, असा निकाल दिला. २०१६ मध्ये रक्कम ठरली, सुमारे २७ कोटी डॉलर, आणि मालदीवने ती भरली. कंपनी खटला जिंकली आणि विमानतळ हरली.

आता आपल्या शेजारचं नागपूर बघा. तिथेही जीएमआरच. मार्च २०१९ मध्ये काम दिल्याचं पत्र मिळालं, मार्च २०२० मध्ये ते रद्द झालं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो कायम ठेवला, तरी करारावर सही व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. इथे कंपनीला पैसे नाही, विमानतळच मिळाला, पण साडेपाच वर्षांनी. तेवढ्या काळात नागपूरकरांनी काय भोगलं ते माझ्या मावसबहिणीला विचारा. तिच्या मते त्या सहा वर्षांत तिथे एक खुर्चीसुद्धा नवीन आली नाही. अतिशयोक्ती आहे, पण बहीण आहे.

रामबागकर
चिमणीताई, मालेरिटर्न, दोघांचेही आभार. यावरून मला एक गोष्ट दिसते. मालेत ७७ टक्के स्वतःकडे घेतले होते. त्यानंतरचे करार बघा. क्रीट बेटावर कास्तेलीचा नवा विमानतळ, २०१९ ची सही, ३५ वर्षं: तिथे जीएमआरकडे २२ टक्केसुद्धा नाहीत. सर्वात मोठा भागीदार खुद्द ग्रीक सरकार, जवळपास ४६ टक्के, आणि उरलेला हिस्सा तिथल्याच तेर्ना कंपनीचा. इंडोनेशियात मेदानचा कुआलानामू, डिसेंबर २०२१ चा करार, २५ वर्षं: ५१ टक्के तिथल्या सरकारी अंगकासा पुराकडे, ४९ यांच्याकडे. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिण्याचा हा प्रकार. उद्या कुणी तिकडे "परदेशी कंपनी चालती व्हा" म्हणायला लागलं तर घरचा भागीदार आधी उभा राहील.

अवांतर: कास्तेलीजवळच्या ज्या टेकडीवर रडार बसवायचं होतं तिथे खोदताना चार हजार वर्षांपूर्वीची गोल दगडी वास्तू निघाली, मिनोअन काळातली. २०२४ ची गोष्ट. कर्जाच्या फायलीत "अनपेक्षित अडचणी" असा एक रकाना असायचा, त्यात मी हे कधी लिहिलं नसतं.

दांडियाबाजार
बडोद्याहून नमस्कार. तुमच्या यादीत आमचं नाव आहे म्हणून डोकावलो. आमचं हरणीचं नवं टर्मिनल २०१६ मध्ये झालं, मोदींच्याच हस्ते. छान आहे, ऐसपैस आहे. आणि परदेशी जायचं म्हटलं की आम्ही सामान गाडीत टाकून एक्स्प्रेसवेने अहमदाबाद गाठतो. दीड-दोन तास. आता अहमदाबाद अदानींकडे. २०१९ मध्ये त्यांनी दर प्रवाशामागे १७७ रुपयांची बोली लावून ते घेतलं. एवढी मोठी बोली लावल्यावर ते शंभर किलोमीटरवर बडोद्याला स्पर्धा उभी राहू देतील का? मला तर वाटतं आम्हाला कुणीतरी दुसऱ्यानेच घ्यावं. अगदी परदेशातून आलं तरी चालेल. सयाजीरावांनी चांगली माणसं कुठून कुठून आणली होती, तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

सुदामानगर_शशी
मी विमानतळांच्या दरांचे कागद करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत काम करते. कंपनीचं नाव विचारू नका. तीन-चार गोष्टी सांगते, कारण वर १७७ रुपयांचा उल्लेख आलाय आणि यात लोक नेहमी गडबडतात.

१७७ रुपये प्रवाशाने द्यायचे नाहीत. दर प्रवाशामागे कंपनीने प्राधिकरणाला द्यायचे आहेत, आणि ते तिकिटातल्या शुल्कात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, तसं करारातच आहे. दिल्ली-मुंबईच्या वेळी महसुलाचा हिस्सा मागितला होता, २०१९ मध्ये पद्धत बदलून प्रवाशामागे ठरावीक रक्कम केली. हिशेब तपासायला ही सोपी. किती कमाई झाली यावर भांडण होतं, किती माणसं चढली-उतरली यावर फारसं होत नाही.

तुमच्या तिकिटात जे लागतं ते यूझर डेव्हलपमेंट फी, यूडीएफ. ते ठरवतं एरा, म्हणजे विमानतळांचं दर नियामक प्राधिकरण. कंपनीने धावपट्टी, टर्मिनल यांत घातलेलं भांडवल, त्यावर मान्य केलेला परतावा, चालवायचा खर्च, या सगळ्याची बेरीज करून ती प्रवाशांत आणि विमान कंपन्यांत वाटायची. दुकानं, पार्किंग, जाहिराती यांतून जे मिळतं त्यातले ३० टक्के या बेरजेतून वजा होतात, बाकी ७० कंपनीचे. म्हणून टर्मिनल जेवढं भव्य, तेवढं यूडीएफ जास्त. आणि चहा जेवढा महाग, तेवढा त्यातला मोठा वाटा कंपनीच्या खिशात. भिया, तुझ्या पोह्यांचं उत्तर यात आहे.

माले आणि दिल्ली यात काही फरक नाही असं कुणी म्हणेल. दिल्लीतही २००९ मध्ये विकास शुल्क लागलं होतं, देशातल्या प्रवासाला २०० आणि परदेशच्या प्रवासाला १३०० रुपये. तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयाने म्हटलं की हे ठरवायचा अधिकार एराचा आहे. म्हणजे इथे करार रद्द झाला नाही, शुल्क योग्य दारातून आणायला सांगितलं. मालदीवकडे तेव्हा असं दारच नव्हतं.

आता इंदूर-जबलपूर. एराच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आधी वर्षाला ३५ लाखांवर प्रवासी असलेला विमानतळच "मोठा" धरला जायचा आणि एराकडे जायचा. दुरुस्तीनंतर विमानतळांचा गटसुद्धा "मोठा" म्हणून जाहीर करता येतो, आणि सगळ्या गटासाठी एकच दर ठरवता येतो. ही दुरुस्ती या जोड्यांसाठीच केली. समजा जबलपूरला खर्च जास्त आणि माणसं कमी, तर तिथली तूट दोघांच्या प्रवाशांत वाटली जाणार. इंदूरची माणसं जास्त, म्हणून भार बहुतेक इंदूरवर. डोळा ठेवायचं कलम हे.

भिया_इंदोरी
म्हणजे मी मुंबईला जाऊन राहिलो आणि जबलपूरच्या छताचे पैसे देऊन राहिलो? गजब आहे भिया.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. आम्ही या सगळ्यातून सुटलोय असं दिसतं, कारण आमची धावपट्टीच हवाई दलाची. मिराज उडतात तिथे कोण बोली लावणार! पण एक सांगतो. आमचं नवं टर्मिनल सरकारनेच बांधलं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भूमिपूजन, १० मार्च २०२४ ला उद्घाटन. दीड वर्ष धरा. इस्तंबूलचं दीड वर्षात झालं म्हणून काकांनी कौतुक केलं, तेवढ्याच वेळात सरकारी खात्यानेही केलं की! मग खाजगीवाल्यांना बोलवायचं कशाला?

सुदामानगर_शशी
लष्करवाला, बांधण्यात सरकार मागे नाही, हे मान्य. प्रश्न पुढच्या चाळीस वर्षांचा असतो. तरी तुमचा मुद्दा दुसऱ्या बाजूने खरा आहे. "खाजगी" म्हणून जे येतात त्यांची मालकी एकदा बघा.

२०२० मध्ये पॅरिसच्या ग्रुप एडीपीने जीएमआरच्या विमानतळ व्यवसायात ४९ टक्के घ्यायचा करार केला, सुमारे १०,७८० कोटी रुपयांना. या एडीपीत निम्म्याहून जास्त हिस्सा फ्रान्स सरकारचा. नोएडाचं जेवर २०१९ मध्ये झुरिच विमानतळ कंपनीने जिंकलं, दर प्रवाशामागे ४००.९७ रुपये बोली लावून. दुसऱ्या नंबरचे अदानी ३६० वर होते. या झुरिच कंपनीचा एक तृतीयांश हिस्सा झुरिच कँटनचा, म्हणजे तिथल्या राज्याचा, वर शहराचा ५ टक्के. स्पेनची आएना, ५१ टक्के स्पेन सरकारची, ब्राझीलमध्ये जाऊन विमानतळांचे गठ्ठेच्या गठ्ठे चालवते. २०२२ मध्ये साओ पाउलोचा काँगोन्यास तिने घेतला, त्याच्याबरोबर दहा छोटे घ्यावेच लागले. आपल्या जोड्यांचा मोठा भाऊ समजा.

ग्रीसमध्ये उलटं झालं. जर्मनीच्या फ्रापोर्टला एप्रिल २०१७ मध्ये १४ विमानतळ ४० वर्षांसाठी दिले, १२३.४ कोटी युरो आगाऊ घेऊन. कोर्फू, सांतोरिनी, रोड्स, सगळी पर्यटकांची बेटं. उरलेले वीसेक, ज्यांत कमाई नाही, ते सरकारकडे. मलई गेली, ताक राहिलं, अशी तिथल्या लोकांची ओरड होती. (आणि या फ्रापोर्टमध्येही बहुमत जर्मनीच्या हेसन राज्याचं आणि फ्रँकफर्ट शहराचं आहे.)

मालेरिटर्न
हे भारी आहे. एका सरकारला जमत नाही म्हणून दुसऱ्या सरकारची कंपनी बोलवायची आणि त्याला खाजगीकरण म्हणायचं.

चिमणबागेतली_चिमणी
जमत नाही असं नाही हो, पैसा गुंतवायचा नसतो. फरक आहे.

दांडियाबाजार
शशीताई, जास्तीत जास्त बोली लावणारा जिंकणार असेल तर तो नंतर रडत येणारच ना? १७७ काय, ४०१ काय. आमच्याकडे लग्नात घोडीवाला आधी कमी सांगतो आणि वरात निम्म्यात आल्यावर अडून बसतो.

सुदामानगर_शशी
येतात ना. रिओचं गालेआओ बघा. २०१३ मध्ये सिंगापूरच्या चांगीने ओदेब्रेख्त या ब्राझिलियन कंपनीबरोबर १,९०० कोटी रेआलची बोली लावली. किमान किमतीच्या जवळपास चौपट. पुढे ब्राझीलमध्ये मंदी आली, भागीदार भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अडकून बाहेर पडला, मग कोविड. २०२२ मध्ये चांगीने सांगितलं की हा विमानतळ परत घ्या. नंतर बोलणी होऊन मत बदललं. चांगीसारखी कंपनी, जिच्याबद्दल कुणाला शंका नाही, तीसुद्धा हिशेबात चुकली. म्हणून बोली मोठी दिसली की पेढे वाटायचे नाहीत.

आणि करार न होताच फिसकटल्याचंही उदाहरण आहे. नैरोबीचा विमानतळ ३० वर्षांसाठी अदानींना देण्याचा १८५ कोटी डॉलरचा प्रस्ताव होता. लिलाव नाही, थेट प्रस्ताव. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला, नोव्हेंबरमध्ये अदानींवरच्या अमेरिकेतल्या आरोपपत्राची बातमी आली आणि राष्ट्राध्यक्ष रुटोंनी संसदेतच तो रद्द केला. लोकांना अंधारात ठेवून केलेला करार पहिल्या झुळकीत उडतो.

आजीचा_फोन
नातवाने हे उघडून दिलं, सगळं वाचलं. मला एक विचारायचं आहे. मुलाकडे पुण्याला जाते तेव्हा चाकाची खुर्ची मागते. कंपनी आली तर त्याचे पैसे लागतील का? आणि आमच्या यजमानांचे वडील होळकर सरकारात नोकरीला होते. विमानतळाची जागा १९३५ मध्ये टाटांकडच्या व्हिन्सेंट साहेबाच्या सल्ल्याने होळकरांनी ठरवली, असं ते सांगत. बिजासनच्या माळावर तेव्हा कोल्हे होते म्हणे.

सुदामानगर_शशी
आजी, खुर्चीची सोय विमान कंपनीने करायची असते, ती मागणाऱ्या गरजू प्रवाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. विमानतळ कुणाकडेही गेला तरी. तिकीट काढतानाच सांगून ठेवा. विमानांचं नियंत्रण प्राधिकरणाकडेच राहतं, पहारा केंद्राच्या सुरक्षा दलाचा, पासपोर्ट आणि कस्टम सरकारचं. बदलते ती इमारत, दुकानं, पार्किंग, सफाई, धावपट्टीची देखभाल.

रामबागकर
आजी, तुमची आठवण बरोबर आहे. टाटा सन्सच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्याशी सल्लामसलत करूनच जागा ठरली होती. १९४८ च्या जुलैमध्ये ग्वाल्हेर, दिल्ली, मुंबईची नियमित सेवा सुरू झाली आणि १९५० मध्ये विमानतळ केंद्राकडे गेला. म्हणजे संस्थानाने खाजगी माणसाला विचारून बांधला, केंद्राने घेतला, आणि आता केंद्र पुन्हा खाजगी माणूस शोधतंय. वर्तुळच.

शशी, तुझं वाचून माझं मत पक्कं होत चाललंय. जबलपूरचा भार इंदूरने का उचलायचा? वर्षाला तीस लाखांवर माणसं इथून ये-जा करतात, ती कमाई इथेच लागली पाहिजे. जोडी तोडा आणि मग बोली मागवा, असं पत्र लिहायचा विचार आहे. कट्ट्यावर सह्या घेईन.

गोलबाजार_जबलपूर
नमस्कार. मी या धाग्यातलं ओझं. जबलपूरमध्ये तिसरी पिढी, घरात अजून मराठीच.

रामबागकर काका, रागावू नका, पण तुम्ही बँकेत होता, तुम्हाला हे दिसायला हवं होतं. प्राधिकरणाचा गल्ला आजपर्यंत एकच होता. दिल्लीचा ४५.९९ टक्के हिस्सा, मुंबईचा ३८.७ टक्के, चेन्नई-कोलकात्याची कमाई, सगळं त्यात पडायचं आणि त्यातून देशभरातल्या तोट्यातल्या विमानतळांना मिळायचं. २०१२ मध्ये तुमचं नवं टर्मिनल झालं तेव्हा तुम्ही विचारलं होतं का की हे चेन्नईच्या प्रवाशाने का भरायचं? तेव्हा आडातून पोहऱ्यात येत होतं, कुणाच्या आडातून ते दिसत नव्हतं. आता तीच पद्धत दोन शहरांत आणली, म्हणून नाव घेता येतंय.

आमचंही नवं टर्मिनल १० मार्च २०२४ लाच झालं, ग्वाल्हेरच्या दिवशी. आम्हाला छत आहे. विमानं नाहीत. आमची भीती उलटी आहे: कंपनी इंदूरच्या कमाईकडे बघेल, आमच्याकडे वर्षातून एकदा रंग द्यायला येईल. करारात जबलपूरसाठी वेगळं काही लिहिलेलं नसेल, किती गुंतवणूक, किती वर्षांत, नाही केली तर दंड काय, तर एकच दर लावून आमच्याकडूनही घेतील आणि लावतील सगळं बिजासनला. तुम्ही म्हणताय आम्ही तुमच्या खिशातून घेतो. पन्नास वर्षांत कुणी कुणाच्या खिशातून घेतलं हे कोण मोजणार आहे?

चिमणबागेतली_चिमणी
याला म्हणतात प्रतिवाद. +१

सुदामानगर_शशी
जबलपूरकरांचं बरोबर आहे आणि मी ते वर लिहायला हवं होतं. गटाचा दर एक असला तरी भांडवली खर्च विमानतळागणिक वेगळा दाखवा, अशी मागणी दर ठरताना करता येते. एरा दर ठरवण्याआधी सल्लामसलतीचा मसुदा काढतं, त्यावर कुणीही लेखी हरकत पाठवू शकतं. पाठवतात कोण? विमान कंपन्या आणि त्यांच्या संघटना. प्रवाशांकडून आलेली पत्रं मी माझ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बघितली.

रामबागकर
गोलबाजार, रागावत नाही. चेन्नईचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. तीस लाखांचा आकडा लिहिला तेव्हा छाती फुगली होती, ती उतरली. पत्राचा मजकूर बदलतो. जोडी तोडा हे काढून टाकतो आणि दोन्ही विमानतळांचा खर्च आणि कमाई दरवर्षी वेगवेगळी छापा, जबलपूरच्या कामांना तारखा आणि दंड लिहा, आणि हिस्सा विकून कंपनी बाहेर पडणार असेल तर किती वर्षांनी आणि कुणाला विचारून, हे तीन मुद्दे घालतो. सेबू आणि इस्तंबूल, दोन्हीकडे नऊ वर्षांच्या आत विक्रीचा करार झाला. पन्नास वर्षांच्या लग्नात नवव्या वर्षी नवरा बदलणार असेल तर मुलीकडच्यांना आधी कळायला नको?

चिमणीताई, भाषा तपासून द्याल का? शशी, आकडे. गोलबाजार, तुमच्याकडूनही सह्या हव्यात, नुसत्या इंदूरच्या सह्या गेल्या तर मालेतल्या त्या मुलासारखं दिसेल.

गोलबाजार_जबलपूर
सह्या मिळतील. पुढच्या महिन्यात लग्नाला इंदूरला येतोय, कागद घेऊनच येतो.

भिया_इंदोरी
या ना काका, रविवारी कट्ट्यावरच या. पोहे इंदूरकडून. जिलबीचा खर्च गटाच्या दराने वाटू.

गोलबाजार_जबलपूर
तुमची जिलबी राहू द्या. खव्याची आम्ही आणतो.